कुत्रं ओढतंय? हार्नेस घेण्यापासून दोरी सैल होईपर्यंत

सकाळी साडेसहाच्या सुमारास गोव्यातल्या पर्वरीच्या आमच्या गल्लीत पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो. सायकलच्या मागे बांबूची टोपली, वर निळं प्लास्टिक, आत उंडे आणि पोया, हे आमचे गरम पाव. लोक पिशवी घेऊन फाटकाशी येतात. आमची मिरी पिशवीबिशवीची वाट बघत नाही. दोन वर्षांपूर्वी, जुलैच्या भर पावसात, तिने त्या भोंग्याच्या दिशेने अशी झेप घेतली की घरासमोरच्या चिऱ्याच्या तीन शेवाळलेल्या पायऱ्या मी पाठीवर उतरले. २४ किलोची गावठी कुत्री, आणि दोरीचे दोन वेढे माझ्या मनगटाला. मनगट पुढे महिनाभर सुजलेलं होतं. पोदेर सायकल भिंतीला टेकवून धावत आला, मला हात देऊन उठवलं आणि म्हणाला, “बाय, सुणें घट धर गो!”

तोच सल्ला मग शेजाऱ्यांनी दिला, जावेने दिला, मनगटाला पट्टी बांधणाऱ्या माणसानेही दिला. घट्ट धर. मी घट्ट धरत गेले आणि मिरी आणखी जोरात ओढत गेली. यात चूक माझी होती, हे कळायला पुढचा पावसाळा उजाडला. ज्यांच्या घरी पहिल्यांदाच कुत्रं आलंय आणि फिरवताना खांदा निखळायची वेळ आलीय, त्यांचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहितेय.

शब्दांचा घोळ नको म्हणून आधीच सांगते. गळ्यात असतो तो पट्टा. आपल्या हातात असते ती दोरी. आणि घोड्याचा साज असतो तसा छातीभोवती नि पाठीवर घालायचा तो हार्नेस.

ओढतं का, हे आधी

“डोक्यावर बसलंय, तुम्हाला जुमानत नाही,” असं सांगणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही ऐकून घ्या आणि सोडून द्या. कुत्र्याची सहज चाल आपल्या सहज चालीपेक्षा वेगवान असते, आपण त्याला रखडत चालतोय असंच वाटतं. शिवाय त्याचं जग नाकापाशी असतं. विजेच्या खांबाखाली रात्री कोण येऊन गेलं, कुठल्या गटाराच्या कडेला बांगड्याचं डोकं पडलंय, हे सगळं दहा पावलांवर असताना ते आपल्या पायाशी कशाला घुटमळेल?

पण खरी गोम तिसरीच आहे. ओढल्यावर काम होतं. कुत्रं खांबाकडे ओढतं, आपण “अगं थांब, अगं हळू” करत त्याच्यामागे फरफटत खांबापर्यंत जातो. त्याच्या हिशेबी दोरी ताणली की खांब जवळ येतो. हा धडा आपण रोज दोन वेळा, बिनचूक, शिकवत असतो. त्यातून आपण दोरी आखडून धरली की सतत मागे खेचलं गेल्याने ते अंग पुढे झोकून चालायला लागतं. कुणी आपल्याला छातीवर हात ठेवून मागे रेटलं तर आपणही नकळत पुढे रेटतोच की.

गळ्यातल्या पट्ट्याला हा सगळा भार पेलावा लागतो आणि गळ्यात श्वासनलिका असते. पोमेरेनियनसारख्या छोट्या जातींत ही नळी मुळातच नाजूक असते, कधीकधी दबते, आणि मग हंसाच्या ओरडण्यासारखा ठसका लागतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना एरवीच श्वास पुरत नाही, आणि ही जात हल्ली पणजीच्या फ्लॅटांतून खूप दिसते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पट्टा ओढला गेला की कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब वाढतो, हार्नेसवर तेवढाच जोर लावला तर वाढत नाही, असं दिसलं होतं. काचबिंदूचा त्रास असलेल्या कुत्र्याला तर ही गोष्ट फारच महत्त्वाची. म्हणून पट्टा नाव-नंबराच्या बिल्ल्यापुरता ठेवावा आणि दोरी हार्नेसला लावावी, इतपत माझं मत पक्कं झालंय.

जू आणि वेसण

हार्नेस घेतला की ओढणं थांबेल, असं मला वाटलं होतं. ऑनलाइन मागवला, जाड, गुबगुबीत, पाठीवर मोठी कडी. घातला. मिरीने आधी मला मांडवीपर्यंत ओढत नेलं नाही, एवढंच. पहिल्यापेक्षा दुप्पट जोर लावत होती, आणि आता ठसकाही लागत नव्हता, मग थांबेल कशाला?

याचं उत्तर बैलाकडे बघितल्यावर मिळतं. बैलाने ओढावं असं वाटतं तेव्हा आपण त्याच्या खांद्यावर जू ठेवतो, म्हणजे भार पसरतो आणि त्याला अंगातली सगळी ताकद लावता येते. वळवायचं असतं तेव्हा वेसणीचा कासरा हातात घेतो, कारण नाक वळलं की अख्खं धूड वळतं. पाठीवर कडी असलेला हार्नेस म्हणजे जू. बर्फावर गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना असाच साज चढवतात, त्यांनी ओढावं म्हणूनच.

आपल्याला हवा तो हार्नेस छातीच्या मधोमध कडी असलेला. कुत्रं पुढे झेपावलं की दोरी छातीला बाजूला खेचते, त्याचं तोंड तुमच्याकडे वळतं आणि जोर तिथेच मोडतो. दुखत काही नाही, फक्त ओढून पुढे जाता येत नाही.

वेसणीच्या आणखी जवळचा प्रकार म्हणजे तोंडावरून, नाकाभोवती जाणारा पट्टा, हेड हॉल्टर. फार दांडग्या कुत्र्याला आणि हलक्या वजनाच्या माणसाला त्याचा उपयोग होतो. पण बहुतेक कुत्री तो पंजाने काढायच्या मागे लागतात, सवय लागायला आठवडे जातात आणि त्याला हिसका दिला तर मानेला इजा होऊ शकते. नवख्याने तिथून सुरुवात करू नये. आणि गळा आवळणारी साखळी किंवा आतून काटे असलेला पट्टा कुणी देऊ केला तर सरळ नको म्हणावं. काखेतून बारीक दोऱ्या जाऊन ओढल्यावर आवळल्या जाणारे काही हार्नेसही ‘ओढू न देणारे’ म्हणून विकले जातात. त्यांचं काम काखेला काचण्यावरच चालतं. तेही नको.

घेताना काय बघायचं

समोरून बघितलं तर पट्ट्यांचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा हवा. दोन पट्टे मानेच्या दोन बाजूंनी उतरून छातीच्या हाडावर एकत्र येतात आणि तिथून एक पट्टा पुढच्या पायांमधून पोटाकडे जातो. काही हार्नेसना छातीवरून एक आडवा पट्टा असतो, दोन्ही खांद्यांच्या पुढून जाणारा. तो घालायला सोपा, पण पाय पुढे टाकताना खांद्याला अडतो. तासाभराच्या फेऱ्या रोज मारणाऱ्या कुत्र्यासाठी तो घेऊ नका.

कड्या दोन हव्यात, छातीवर एक आणि पाठीवर एक. बक्कल दोन्ही कुशींना असेल तर उत्तम, नाहीतर दर वेळी पुढचा पाय उचलून आत घालावा लागतो आणि काही कुत्र्यांना पायाला हात लावलेला खपत नाही. कमी-जास्त करायच्या जागा निदान चार असाव्यात. अंधारात चमकणारी शिवण असेल तर पावसाळी संध्याकाळी फार उपयोग, कारण आपल्याकडे आतल्या रस्त्यांना पदपथ नसतो आणि काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या भाड्याच्या गाडीतल्या पाहुण्याला ते वळण पहिल्यांदाच दिसत असतं.

आता गोव्याची खास गोष्ट, कड्या. खाऱ्या वाऱ्यात मुलामा दिलेलं साधं लोखंड टिकत नाही. माझ्या पहिल्या हार्नेसची कडी चार महिन्यांत तांबूस झाली, दोरीचा हूक तर एका पावसाळ्यात असा गंजला की त्याची कळ दाबली तरी मागे जाईना. घेताना कडीला चुंबक लावून बघा. चिकटला तर बहुधा साधं लोखंड आहे. पितळेची किंवा चांगल्या स्टेनलेस स्टीलची कडी महाग पडते, पण ऐन रस्त्यावर हूक सुटण्यापेक्षा स्वस्तच. आणि प्लास्टिकचं बक्कल घरीच दहा वेळा लावून-काढून, जोरात हिसका देऊन बघा. टक्कन आवाज स्पष्ट आला पाहिजे.

माप

वजनावरून किंवा जातीवरून साइज ठरवू नका. दुकानदार “लॅब ना? मग एल,” म्हणून मोकळा होतो. शिंप्याची टेप घ्या. कुत्रं उभं असताना पुढच्या पायांच्या मागे दोन बोटं जागा सोडून छातीचा घेर मोजा, तो सगळ्यात महत्त्वाचा. मग मान जिथे खांद्यांना मिळते तिथला घेर. मिरीची छाती ६८ सेंटिमीटर भरली. तक्त्यात एक साइज ५५ ते ७० ची होती आणि पुढची ६५ ते ८५ ची. मी दुसरी घेतली. आपला आकडा टोकाला न येता आतल्या बाजूला पडेल ती साइज घ्यावी, म्हणजे कमी-जास्त करायला वाव राहतो.

कारवान किंवा मुधोळसारखं शिकारी बांध्याचं कुत्रं असेल तर जरा जास्त लक्ष. छाती खोल, कंबर चिंचोळी, डोकं अरुंद. घाबरून उलटं सरलं की ते साध्या हार्नेसमधून सदऱ्यातून बाहेर पडावं तसं निसटतं. अशांसाठी बरगड्यांच्या मागून, कमरेशी आणखी एक पट्टा असलेला हार्नेस मिळतो. मुंबईहून आलेल्या एका भाचीच्या घाबरट कुत्र्याला आम्ही शेवटी तोच घेतला. पिल्लू असेल तर दर दोन आठवड्यांनी माप तपासा आणि पहिला हार्नेस फार भारी घेऊ नका. दोन महिन्यांत तो शेजारच्या पिल्लाला द्यावा लागेल.

अंगावर चढवण्याआधी

इथे सगळे घाई करतात. पाकीट फोडलं, कुत्र्याला दोन गुडघ्यांत धरलं, डोक्यातून साज कोंबला, चला फिरायला. मग दुसऱ्या दिवशी हार्नेस दिसला की कुत्रं खाटेखाली.

पहिल्या दिवशी हार्नेस नुसता जमिनीवर ठेवा. हरभऱ्याएवढे उकडलेल्या चिकनचे तुकडे त्याच्यावर आणि आजूबाजूला टाका. मीठ नको, कांदा-लसूण तर अजिबात नको, त्यामुळे कालच्या शाकुतीतला तुकडा धुऊन द्यायचा विचार मनात आणू नका. सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, मिरीला प्राणप्रिय, पण फार खारट, म्हणून तीही बंद. कुत्रं हार्नेसवरून चालत, हुंगत, खात राहील. एवढंच.

दुसऱ्या दिवशी गळ्याचा घेर दोन हातांत कडं धरावं तसा धरा आणि पलीकडून तुकडा दाखवा. नाक त्याने स्वतः आत घालायचं. आपण वरून टाकायचा नाही. नाक आलं, तुकडा मिळाला, नाक गेलं. दहा वेळा करा. मग डोकं आत येईल, मग तुम्ही हात सोडाल, हार्नेस मानेवर राहील. तिसऱ्या दिवशी बक्कल. त्याच्या टक् आवाजाने दचकणारी कुत्री असतात, तेव्हा आधी हातातच टक् करून तुकडा द्या, चार-पाच वेळा. मिरीला या सगळ्याला चार दिवस लागले. जेवणाआधी दोनदा, पाच-पाच मिनिटं. काहींना एका संध्याकाळी जमतं, काहींना पंधरा दिवस लागतात.

अंगावर चढल्यावर तपासणी. प्रत्येक पट्ट्याखाली आडवी दोन बोटं सहज सरकली पाहिजेत, तीन गेली तर सैल. पुढचा पट्टा गळ्याच्या खळग्यावर येता कामा नये, छातीच्या हाडावर बसला पाहिजे. हे हाड बोटाने चाचपलं की लागतं, दोन खांद्यांच्या मधे पुढे आलेलं. काख आणि पट्टा यांत मोठ्या कुत्र्याला दोन-तीन बोटं अंतर हवं, नाहीतर चालताना घासून काखेतले केस जातात. शेवटी घराचं दार बंद करून दोरी लावा, कुत्र्यासमोर उभे राहा आणि तुकडा दाखवत त्याला मागे सरायला लावा. निसटलं तर घरातच निसटलं. पहिले महिनाभर हार्नेसची कडी आणि गळ्यातला पट्टा यांना जोडणारी एक छोटी जोडदोरी लावून ठेवा. हूक तुटला, बक्कल उघडलं तरी कुत्रं हातात राहतं.

दोरी

पावणेदोन-दोन मीटर, सपाट विणीची, हाताला न कापणारी. लोखंडी साखळी नको. बटण दाबून लांबणारी गुंडाळी तर मुळीच नको, कारण ती सतत किंचित ताणलेली असते आणि ताणलं की पुढे जाता येतं हाच धडा पुन्हा गिरवते.

धरण्याची पद्धत, माझ्या मनगटाला स्मरून: टोकाचं कडं उजव्या अंगठ्यात अडकवून मूठ मिटा, आणि मधली दोरी डाव्या हातात हलकी धरा, कुत्रं डावीकडे असेल असं समजून. मनगटाला वेढा कधीच मारायचा नाही. दोन्ही हात पोटाशी. कुत्रं झेपावलं तर हात पुढे जाऊ न देता गुडघे जरा वाकवून उभं राहायचं. मधल्या दोरीचा आकार रस्त्याकडे झुकलेल्या झोळीसारखा दिसला पाहिजे. त्या झोळीवर सगळा खेळ आहे.

दोन टोकांना दोन हूक असलेली दोरी मिळाली तर एक हूक छातीला, एक पाठीला लावा. छातीच्या हुकाने वळवायचं, पाठीच्या हुकाने तोल सांभाळायचा. ताकदवान कुत्र्याला हे फार छान जमतं, फक्त हातात दोन दोऱ्यांचा गुंता होऊ न देण्याची सवय करावी लागते. नुसत्या छातीच्या कडीला दोरी असली की ती मधेच पुढच्या पायाखाली जाते. थांबायचं, काढायची, पुढे चालायचं. आठवड्याभरात कुत्रंच पाय उचलून द्यायला शिकतं.

पहिले धडे घरात

हार्नेस कुत्र्याला शिकवत नाही. तो फक्त ओढणं निरुपयोगी करतो, आणि त्या वेळात शिकवायचं काम आपलं.

हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत चाला. कुत्रं तुमच्या पायाशी आलं की लगेच तुकडा, आणि तो द्यायचा कुठे, तर सलवारीच्या किंवा पँटच्या शिवणीशी, मांडीला हात चिकटवून. हात पुढे करून दिला तर कुत्रं पुढे चालेल, मागे दिला तर मागे. जिथे खाऊ मिळतो ती जागा कुत्र्याची होते. सुरुवातीला दर दोन पावलांना, मग पाचांना, मग दहांना, आणि कधीकधी एकदम दोनला, म्हणजे त्याला हिशेब लागत नाही. घरात जमलं की जिना, मग खालचं पार्किंग, मग फाटकाबाहेरची वीस पावलं. घरात सज्जन असलेलं कुत्रं फाटकाबाहेर सगळं विसरतं, त्यात त्याचा दोष नाही. दहावीच्या मुलालाही गणित घरी येतं आणि परीक्षेत येत नाही.

रस्त्यावर

नियम एकच. झोळी आहे तोवर चालायचं, झोळी गेली की थांबायचं.

थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं. दोरी मागे ओढायची नाही, ओरडायचं नाही, “मिरी, मिरी, मिरी” असा जप करायचा नाही. माडासारखं उभं राहायचं. कुत्रं ओढेल, मग छातीच्या कडीमुळे वळेल, मग बघेल की ही बाई का थांबली. त्याने मान वळवली, अर्धं पाऊल मागे आलं, दोरीत इंचभर ढील आली, की त्याच क्षणी “शाब्बास” म्हणून पायाशी तुकडा आणि पुन्हा चालू. पहिल्या दिवशी आम्हाला फाटकापासून वळणावरच्या खुरसापर्यंत (क्रूसापर्यंत) पोचायला बावीस मिनिटं लागली. एरवी दोन मिनिटांचा रस्ता. शेजारच्या काकांना वाटलं माझी पाठ धरली.

थांबून उपयोग होत नसेल तर वळा. ताण येतोय असं दिसलं की “चल” म्हणून उलट्या दिशेने चालू लागा, हिसका न देता. कुत्रं मागून येऊन पायाशी पोचलं की तुकडा, मग पुन्हा पहिल्या दिशेला.

हुंगणं बंद करू नका. ती त्याची सकाळची ‘नवप्रभा’ आहे, आमचा गोव्याचा पेपर. उलट त्यालाच बक्षीस करा. दहा पावलं सैल दोरीने चाललं की “जा, वास घे” म्हणून खांबाकडे जाऊ द्यायचं. खांबापर्यंत जायचा रस्ता सैल दोरीतून जातो, हे समजलं की तुकड्यांची गरज निम्म्यावर येते. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात चिकनपेक्षा खांबानेच जास्त काम केलं.

आता अडचण अशी की रोज सकाळी कुणाला बावीस मिनिटं असतात? ऑफिसची बस आहे, मुलाचा डबा आहे. घाईच्या दिवशी कुत्र्याला ओढू दिलं की आठवड्याची मेहनत पाण्यात. यावर आम्ही शोधलेली तोड अशी. शिकवणी असेल तेव्हा दोरी छातीच्या कडीला, घाई असेल तेव्हा नुसती पाठीच्या कडीला. छातीच्या कडीवर ओढणं म्हणजे कधीच पुढे जाणं नाही, याला अपवाद करायचा नाही. कुत्र्याला हा फरक कळतो. आणि घरातल्या सगळ्यांनी तेच करायचं. नवरा संध्याकाळी मोबाइल बघत तिच्यामागे ओढला जात होता, तोपर्यंत माझी सकाळ फुकट जात होती.

सतत ताणलेल्या दोरीने छातीच्या कडीवर मैलभर चालवू नका, पळवू तर नकाच. एका बाजूला खेचलं जाऊन चाल वाकडी होते. लांब दोरीवर मोकळं सोडताना किंवा धावताना पाठीची कडी वापरा. स्कूटरला बांधून पळवणारे इथे दिसतात, त्यांच्याबद्दल काही न लिहिलेलंच बरं.

गल्लीतली कुत्री, गुरं, किनारा

गोव्यात कुत्रं फिरवायचं म्हणजे दर शंभर मीटरला कुणाची तरी हद्द ओलांडायची. गल्लीतली चार कुत्री उठून येतात, आपण घाबरून दोरी आखडतो. आखडलेल्या दोरीने आपल्या कुत्र्याची छाती वर येते, मान ताठ होते, आणि समोरच्यांना ते भांडायलाच आल्यासारखं दिसतं. तिथे हार्नेसची खरी परीक्षा. लांबूनच बघा, सरळ चालून न जाता अर्धगोल वळसा घ्या, स्वतः मधे राहा, दोरीत झोळी ठेवा आणि पायाशी तुकडे देत पुढे सरका. जमण्यासारखं नसेल तर परत फिरा, त्यात कमीपणा नाही. गोव्यात २०१४ पासून भटक्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचण्याचं मोठं काम झालंय, तरी आपल्या कुत्र्याची लस चुकवू नका. आणि कुणाचाही दात माणसाला लागला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन थेट दवाखाना.

रस्त्यात बसलेल्या गुरांना कुत्र्यापेक्षा तुम्हीच जास्त घाबरा. वासरू असलेली गाय दोरीला बांधलेल्या कुत्र्यावर धावते. अशा वेळी हार्नेस असला तर कुत्र्याला पाठीच्या पट्ट्याला धरून बाजूला उचलून घेता येतं. नुसत्या गळ्यातल्या पट्ट्याला धरून ते करता आलं नसतं.

मिरामारला किंवा कुठल्याही किनाऱ्यावर जाल तेव्हा पहाटे जा. पर्यटक नसतात, वाळू गार असते. जाळ्यांचे तुकडे आणि गळ यांपासून लांब राहा, वाळूत पडलेला फुगा मासा तोंडात घालू देऊ नका, तो विषारी असतो. तिथून आल्यावर हार्नेस गोड्या पाण्यात बुडवून खळबळून काढा, नाहीतर वाळूचे कण पट्ट्याच्या शिवणीत बसतात आणि काखेत सँडपेपरचं काम करतात. एप्रिल-मेमध्ये सातच्या आत घरी यायचं. डांबरावर तळहाताची मागची बाजू टेकवा. आपल्याला सात सेकंद सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही नाही.

पावसाळ्यात एक हार्नेस पुरत नाही. नायलॉन वरून कोरडं लागतं, आतला फोम ओलाच राहतो, तिसऱ्या दिवशी वास येतो आणि चौथ्या दिवशी बुरशी. दोन आलटूनपालटून वापरा, एक पंख्याखाली. घरात आल्यावर हार्नेस काढून ठेवायचाच आणि काखा, छाती, मानेची खालची बाजू बोटांनी चाचपायची. गोचीड नेमकी पट्ट्याखालच्या उबेत जाऊन बसते. साचलेल्या पाण्यातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या रोगाची) भीती असते, त्याची लस दिलीय का हे डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

अडलं तर

हार्नेस घातला की कुत्रं पुतळ्यासारखं उभं राहतं? दोन पायऱ्या मागे जा, जमिनीवरच्या तुकड्यांपासून पुन्हा सुरू करा. दोरी चावतं? बहुधा फार दमलंय किंवा फार उत्तेजित झालंय, फेरी संपवा. काखेत लाली दिसली तर दोन-तीन दिवस हार्नेस बंद आणि माप पुन्हा. नेहमी नीट चालणारं कुत्रं अचानक हार्नेस घालू देईना, लंगडू लागलं किंवा चालताना ठसकू लागलं, तर तो शिकवणीचा प्रश्न नाही, जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. मोठ्या कुत्र्याची दोरी लहान मुलाच्या हातात कितीही चांगला हार्नेस असला तरी देऊ नका.

किती दिवस लागतात? दोन आठवड्यांत फरक दिसला, अडीच महिन्यांत मी एका हातात छत्री धरून तिला फिरवू लागले. पोदेराच्या भोंग्यावर वेगळी मेहनत करावी लागली. भोंगा लांब चौकात वाजला की तुकडा, जरा जवळ वाजला की तुकडा, असं रोज थोडं अंतर कमी करत. आता तो फाटकाशी येतो तेव्हा मिरी माझ्या पायाशी बसून शेपटीने रस्ता झाडते. पोदेर दोरीच्या झोळीकडे बघून अजूनही म्हणतो, “घट धर गो.”

मासळीवाल्याच्या स्कूटरवर मात्र आमच्याकडे इलाज नाही. तो आठला येतो. आम्ही पावणेआठला घरात असतो.